बाळंतिणीचा भात

लोहारा,
पौष शुद्ध ५

चि. उमास वैनी गौराबाईचे आशीर्वाद.

तुझ्या भावाला नातू झाला. आता तू म्हणशील, तीन आठवडे झाले आन् आत्ता कळवता व्हय. तर व्हय, आत्ताच कळवते. भ्याले होते मी. आधीच्या दोन्ही येळंला म्या घाईनं पेढे वाटले आन् पुढं काय झालं ते तुला ठावं हाय. म्हणून ह्या डाव स्वामींना बोलावून गुमान लिंगधारणा केली, लेकराच्या गळ्यात लिंग बांधलं आन् नाव शरणबसप्पा ठेवलं. शिवकांता त्याला नुसतं बाळ्या म्हणती. लेकीला लेकराचं नाव घ्यायची भीती वाटती, काय म्हणावं आता.

लेकरू गुटगुटीत हाय. मनगटाला वळ्या पडल्यात. शिवकांताला म्या पाचव्या म्हैन्यातच येरमाळ्याहून उचलून आणली. तिकडं शेतकऱ्याचं घर, सकाळ-सांज जवारीची भाकर आन् डाळीचं गरगट्टं. गरवार बाईनं असलं जड खाल्लं तर पोटातल्या जिवानं कुठं जावं? तिची सासू पार्वतम्मा, तिला ह्याचं काय पडलंय. तिचा निरोप मात्र आला. हे तिसरं जगलं तर सून आमची, न्हाईतर आमच्या ईरण्णाला दुसरी बघू. जावई आईच्या शब्दाभाईर न्हाई.

तर उमा, हे लेकरू जगलंच पाहिजे. तुझ्या सोलापुरात झबल्याचं मऊ कापड मिळतं, ते धाड. तुझ्या दवाखान्यात साहेबिणी काय करतात ते मला सांगू नको, तेवढं सोडून समदं लिही.

तुझी वैनी


सोलापूर,
१४ जानेवारी १९४१

प्रिय वैनीस उमाचा शरणार्थ.

पत्र वाचून मी वॉर्डात एकटीच हसत होते. बायका विचारायला लागल्या, सिस्टर, आज काय झालं? म्हटलं, मी आजी झाले. कापड वेगळं पाठवलंय.

वैनी, विधवा नणंद कोपऱ्यात बसून राहील म्हणून दादांशी भांडून तुम्हीच मला नर्सिंग शिकायला धाडलंत. तेव्हा आता माझं तोंड बंद करू नका. एक विचारायचं आहे. आधीची दोन लेकरं कशी गेली? तुम्ही ताप म्हणून कळवलं होतं, दादांनी दृष्ट म्हणून. दोन्ही तिसऱ्या महिन्यातच, दोन्ही तुमच्याच घरात, दोन्ही धडधाकट. मी तेव्हा विचारलं नाही, कारण तुम्हाला विचारायची हिंमत झाली नाही. आता सांगा. आणि शिवकांता काय काय खाते तेही लिहा. राग येईल तुम्हाला, माहीत आहे. आला तरी लिहा.

उमा


लोहारा,
पौष वद्य ११

चि. उमास आशीर्वाद.

राग यायचा तो आलाच. पण आजी झालीस म्हणून सांगते.

ताप न्हवता. दोघांनाबी न्हवता. थोरला सकाळी दूध ओकला. दुपारी रडायला लागला तर आवाज घोगरा झाला, मग बसला, मग गेलाच. तोंड उघडून रडत होता आन् ऐकू काही येत न्हवतं. ओठ निळे पडले. दुसऱ्या दिशी आटोपलं. धाकल्याचंबी तसंच. हे कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, घरात काहीतरी हाय. म्हणून ताप म्हणलं.

पार्वतम्मानं तर कहर केला. धाकला गेल्यावर हितं आली, शिवकांताचं दूध वाटीत काढायला लावलं आन् त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली. लगेच भरल्या माजघरात बोलली, दूध विखारी हाय. माझी लेक तिथंच छातीवर पदर आवळून बसली. ती आजबी लेकराला पाजताना भिताडाकडं तोंड करती. म्या पार्वतम्माला काय काय बोलले ते लिहीत न्हाई.

आता खाण्याचं इचारतीस, तर ऐक आन् तुझ्या साहेबिणींनाबी ऐकव. तुझा भाऊ थोरल्याच्या येळंपास्नं खास शिवकांतासाठी निजामाबादेहून गिरणीचा तांदूळ मागवतोय. असला पांढरा, फडफडीत की ताटात दाणा दाण्याला लागत न्हाई. गावात कुणाच्या घरी सणाला मिळत न्हाई तो माझी लेक दोन्ही येळंला खाती. म्या स्वतः पाच पाण्यानं धुते, निवळ पाणी येईस्तोवर. मग भात शिजला की पेज समदी निथळून म्हशीला घालते, म्हंजी भात मोकळा आन् हलका होतो. वर साजूक तूप आन् मिरपूड. डाळ न्हाई, वात होतो. भाजी न्हाई, लेकराला बाधती. शेंगदाणा न्हाई, पित्त. डिंकाचा लाडू थोरल्याच्या येळंला दिला होता, उष्ण पडला असंल म्हणून धाकल्याच्या येळंपास्नं तोबी बंद केला. भाकरीचा तुकडा पाचव्या म्हैन्यापास्नं पानात येऊ दिलेला न्हाई. ती मागती, हट्ट करती. मी देत न्हाई.

तिच्या पोटऱ्या दुखतात, पाय जड पडतात. तेवढं बाळंतिणीला चालायचंच. सांग, ह्याहून जास्ती कोण करंल लेकीचं?

वैनी


सोलापूर,
१ फेब्रुवारी १९४१

वैनी,

हे पत्र उभ्यानं लिहिते आहे. तुमचं पत्र मिळालं. मी ते घेऊन आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि भाषांतर करून वाचून दाखवलं. पेज म्हशीला घालते इथपर्यंत आल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

आजच्या आज तो भात बंद करा. शिवकांताला भाकर द्या, डाळ द्या, शेंगदाणे द्या, भाजी द्या. आधी द्या, मग पुढचं वाचा.

अंगाला जेवणातून काय काय लागतं, ते आम्हाला इथं पहिल्याच वर्षी शिकवतात. चालायला-फिरायला बळ लागतं, ते भातात, भाकरीत, गुळात असतं. मांस-हाड धरायला डाळ आणि दूध. तेल-तूप लागतं. मीठ, चुना, लोखंड असले क्षार लागतात, ते भाजीपाल्यातून येतात. आणि ह्या सगळ्यांशिवाय अगदी चिमटीत मावेल एवढीशी एक वस्तू लागते, तिला जीवनसत्त्व म्हणतात. त्याचे प्रकार आहेत. त्यातलं एक असं आहे की ते नसलं तर खाल्लेल्या भाताचं अंगात बळ होतच नाही. चूल लाकडांनी गच्च भरली आणि पेटवायला काडीच नाही, तसं. उलट भात जितका जास्त तितकी त्याची गरज जास्त.

ते तांदळाच्या तांबूस सालीत असतं. गिरणी ती साल काढून टाकते. राहिलेलं पाच पाण्यात धुऊन जातं. त्यातूनही काही उरलंच तर पेजेबरोबर म्हशीच्या घमेल्यात जातं. जवारीत ते आहे, डाळीत आहे, शेंगदाण्यात तर पुष्कळ आहे. घरात तुम्ही सगळे भाकर खाता म्हणून तुम्हाला काही होत नाही. ते मिळत नाही फक्त शिवकांताला. आईच्या अंगात नाही म्हणून दुधात नाही, आणि दुधात नाही म्हणून लेकराला नाही. लेकरू वरून गुटगुटीत दिसतं आणि तिसऱ्या महिन्यात त्याचं काळीज थकतं. आवाज जातो. ह्याला बेरीबेरी म्हणतात. आमच्याकडे त्याची सुई आहे.

त्याला तिसरा महिना लागायला दिवस उरले नाहीत. वैनी, पाया पडते.

उमा


लोहारा,
माघ शुद्ध १२

उमाबाईस,

तुझं पत्र दोनदा वाचलं आन् चुलीत घातलं.

तूबी तेच म्हणतीस. शिवकांताच्या दुधात खोट हाय. पार्वतम्मानं मुंगी टाकून सांगितलं, तू विंग्रजी शब्द टाकून सांगतीस. फरक काय झाला? आजवर म्या एकटीनं सगळ्यांशी भांडून लेकीच्या दुधाला बोल लागू दिला न्हाई, आन् माझ्याच घरातली नणंद असलं लिहिती. हे पत्र पार्वतम्माच्या हाती लागलं असतं तर तिनं गावभर वाचून दाखवलं असतं.

वरून म्हणतीस, भरल्या घरात म्या लेकीला उपाशी ठिवलं. म्या? मी पाच बाळंतपणं ह्याच घरात, ह्याच भातावर काढली. पाचीच्या पाची जिती हायत. गोरगरीब खातात ती भाकर मी बाळंतिणीपुढं टाकू आन् उद्या लेकराचं पोट फुगलं तर काय तू येणार हायस?

तुला लेकरू असतं तर कळलं असतं. आता पत्र धाडू नको.

गौराबाई


सोलापूर,
१७ फेब्रुवारी १९४१

वैनी,

लेकराचं ते वाक्य लागलं. तुम्हाला लावायचंच होतं, ते लागलं. तरी लिहिते आहे.

दादांनाही लिहिलं होतं. त्यांचं उत्तर नाही. हा बायकांचा विषय म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं असेल.

मुंगी कशातही बुडवली तरी मरते. तुम्ही पार्वतम्मांच्या दुधात सोडली असती तरी मेली असती. मी शिवकांताला दोष देत नाही, तिचा ह्यात काहीच दोष नाही. तुमच्या पाच बाळंतपणांचं म्हणाल, तर तेव्हा गिरणीचा तांदूळ नव्हता. तुमच्या सासूबाई उखळात कांडायच्या आणि तांबूस, कोंड्यासकट शिजवायच्या. मी लहान होते, मला तो भात आठवतो. भात तोच नाही, वैनी.

भाकर द्यायची नसेल तर निदान पेज ओतू नका. तीच पाजा तिला. आणि बाळाचा आवाज घोगरा झाला तर अंगारे-धुपारे करत बसू नका, लगेच मला बोलवा.

उमा


लोहारा,
माघ वद्य ११
(मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर)

उमा,

आवाज गेला. रडतोय, डोळ्यांतनं पाणी येतंय, ऐकू येत न्हाई. दूध धरत न्हाई. समदं तू लिहिलं व्हतंस तसंच होतंय. ती सुई घेऊन ये. जशी असशील तशी ये.


सोलापूर,
३ मार्च १९४१

प्रिय वैनी,

पोचले. मोटार नळदुर्गाला दोन तास बंद पडली, म्हणून उशीर झाला.

बाळाला उरलेल्या सुया तिथल्या सरकारी कंपाउंडरकडून रोज द्यायच्या आहेत, विसरू नका. शिवकांतासाठीही तांदळाच्या कोंड्याचं सत्त्व ठेवून आले आहे. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी रोज द्या.

तुम्हाला वाटलं असेल, उमाला सगळं ठाऊक होतं. तसं नाही. तुमच्याकडे येताना निजामाच्या हद्दीवर, करोडगिरीच्या जकात नाक्यावर शिपायानं औषधाची पेटी उघडून एकेक कुपी उन्हात धरून बघायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याला काय बोलले मला आठवत नाही. त्यानं पेटी बंद करून हातात दिली. तुमच्या घरात शिरले तेव्हा लेकरू निळं पडलं होतं आणि मला वाटलं, आपण उशिरा आलो. सुई दुपारी दिली. दिवेलागणीला त्यानं डोळे उघडून दूध ओढलं, तेव्हा मी परसात जाऊन रडले. पुस्तकात वाचणं वेगळं असतं. एवढ्याशा औषधानं गेलेलं लेकरू परत येतं हे बघून मी अजून सुन्न आहे.

मोटार सुटताना तुम्ही खिडकीशी येऊन एकच विचारलंत. मग त्या दोघांचंबी हेच होतं का? मी उत्तर दिलं नाही. मोटार सुटली म्हणून नाही. सगळ्या वाटेत तेच डोक्यात होतं. खोटं लिहावं असं दहा वेळा वाटलं.

होय, वैनी. तेच होतं. दोघांनाही ह्याच सुईनं वाचवता आलं असतं, आणि सुई लागलीही नसती जर तिला भाकर मिळाली असती.

तुम्ही मला विचारलंत म्हणून सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगायची गरज नाही.

उमा


लोहारा,
फाल्गुन वद्य ८

चि. उमास अनेक आशीर्वाद.

शरणबसप्पा बरा हाय. आता घर डोक्यावर घेतो.

तुझं पत्र आल्यापास्नं मला काही सुचत न्हाई. ताटावर बसलं की हात थांबतो. ह्या हातानं म्या ते तांदूळ धुतले, उमा. पाच-पाच पाण्यानं. एक पाणी कमी धुतलं असतं तर, एक दिवस आळस केला असता तर, असं मनात येतं. मोलकरणीला म्या धुऊ दिलं न्हाई, तिला नीट जमायचं न्हाई म्हणून. देवळात गेले, तिथंबी उभं राहवेना. त्या थोरल्याचे केस दाट होते, मला समदं दिसतंय.

परवा येरमाळ्याची मंडळी आली. पार्वतम्मा, जावई आन् भावकीतले दोघं. सुई दिल्याची बातमी पोचली होती. पार्वतम्मा बसायच्या आधीच म्हणाली, औषध टोचल्यावर जगलं, म्हंजी दूध विखारी होतं हे तुमच्याच नणंदेनं ठरवलं. ईरण्णासाठी तुळजापूरकडची एक पोरगी बघून ठिवलीय, लेकरू आमच्या हवाली करा. शिवकांता दाराआड उभी होती. जावई खाली बघत होता.

तुझ्या भावानं मला आदल्या दिशीच बजावलं होतं. सर्दी भरली होती, दवाखान्याच्या औषधानं उतरली, एवढंच बोलायचं. तूबी लिहिलं व्हतंस, कुणाला सांगायची गरज न्हाई. पण गरज होती. मी गप बसले तर बोल लेकीवर जातोय हे मला दिसत होतं.

म्या समद्यांच्या पुढं उभी राहून बोलले, "दूध माझ्या लेकीचं वाईट न्हवतं. ताट माझं वाईट होतं. तुमच्या घरची भाकर म्या तिला खाऊ दिली न्हाई, पांढरा भात खाऊ घातला, आन् तुमची दोन नातवंडं माझ्या हातानं गेली." मग तू समजावलं तसं समदं सांगितलं, साल, पेज, म्हैस. तुझा भाऊ उठून दुकानात गेला.

पार्वतम्मा उठून माझ्या म्होरं आली. मला वाटलं आता मारती. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग दाराकडं बघून म्हणाली, "शिवकांता, आवर. आजच निघायचं. आन् ह्यापुढं माझी सून बाळंतपणाला ह्या घरात यायची न्हाई."

दुसऱ्या पोरीचं बोलणं तिथंच संपलं. सवत टळली, उमा, आन् लेकबी गेली. मी अडवू कोणत्या तोंडानं? शिवकांतानं गाठोडं बांधलं. हे तिला म्या आधी सांगितलं न्हवतं, तीबी तेव्हाच पहिल्यांदा ऐकत होती. पाया पडली, तेवढंच.

माघात तुला जे लिहिलं, लेकराचं, ते म्या लिहायला नको होतं. मला लेकरं होती तरी मला काही कळलं न्हाई.

वैनी


येरमाळा,
चैत्र शुद्ध ५

ती. आत्यास शिवकांताचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही शिकवलेली अक्षरं मोडली हायत, समजून घ्या. बाळ बरा हाय. माझे पाय आता दुखत न्हाईत. हितं मी भाकर खाते, सासूबाई समोर बसून खाऊ घालतात. एकदा म्हणाल्या, त्या दिशी मुंगी सोडायला नको होती. मग उठून गोठ्यात गेल्या.

आत्या, समदे सांगतात, अव्वावर राग धरू नको, आई हाय ती, तिनं मायेपोटी केलं. मी व्हय म्हणते. पण ते खरं न्हाई. घरातली बाकीची भाकर खायची तवा मला वासानं तोंडाला पाणी सुटायचं. म्या मागितली की अव्वा रडायची, म्हणायची, तुझ्या लेकरासाठी एवढं कर. मग मी तो भात खायची. गिळवत न्हवता तरी खायची. दोन्ही लेकरांच्या येळंला खाल्ला. मला वाटायचं माझं दूधच वाईट हाय, आन् मी पाजताना त्यांच्या तोंडाकडं बघितलं न्हाई. आता वाटतं, तेवढं तरी बघायला पाहिजे होतं. राग कुणावर करू ते मला कळत न्हाई. तिच्यावर येतो. मग ती पाच पाण्यानं तांदूळ धुताना डोळ्यांपुढं येती आन् मला रडू येतं.

पुनवेला हितं येडेश्वरीची यात्रा हाय. सासूबाईंना म्या इचारलं. त्या म्हणाल्या, तुला तिकडं धाडणार न्हाई, पण तुझी आई माझ्या उंबऱ्यात आली तर तिला हाकलणारबी न्हाई. तुम्ही सोलापूरहून बार्शीला या, तिथनं आगगाडीनं येडशीला उतरा. हे बैलगाडी धाडतील. अव्वाला लोहाऱ्याहून बोलावून संगं आणा. ती काहीबाही सांगून टाळंल, तिचं ऐकू नका.

तिला म्हणावं, जेवायला मी वाढणार हाय. जे वाढीन ते तिनं समदं खायचं, पानात काही टाकायचं न्हाई. आन् ती जेवीस्तोवर मी तिच्यासमोर बसणार हाय.

शिवकांता